पोर्ट केलेली टर्बो रोटरी हलक्या थ्रॉटलवर झटके देते, टर्बो बदलू का?

मंदगती

नमस्कार मंडळी. इंजिन माझदाचं दोन रोटरचं १३बी-आरईडब्ल्यू आहे. मूळचे दोन सिक्वेन्शियल टर्बो काढून एकच मोठा टर्बो बसवलाय, मॅनिफोल्ड दोन्ही रोटरांसाठी वेगळं, टी४ फ्लँज. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे स्ट्रीट पोर्ट, म्हणजे पोर्ट कापून बेताने मोठे केलेले. प्रायमरी इंजेक्टर १००० सीसी, सेकंडरी २००० सीसी. ईसीयू स्टँडअलोन, स्पीड-डेन्सिटीवर (आरपीएम आणि मॅनिफोल्डच्या दाबावरून इंधन ठरवणारा), एअरफ्लो मीटर नाही. मूळ थ्रॉटल बॉडीच्या जागी एकच ९० मिमीची. प्लग चारही नऊ नंबरचे. फ्लायव्हील हलकं, इंजिन माउंट कडक. बूस्ट एक बार.

बूस्टमध्ये कसलीच तक्रार नाही. ४००० च्या पुढे गाडी अशी सुटते की विचारू नका. त्रास आहे तो खाली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, १८०० ते २८०० आरपीएमला, पाय जेमतेम टेकवलेला असताना गाडी पुढे-मागे हिंदकळते. क्लच दाबला की लगेच शांत. रहदारीत मागे-पुढे सरकत चालायचं म्हटलं की मान दुखायला लागते, शेजारी बसणारा तर दुसऱ्यांदा बसत नाही.

वाइडबँड (एक्झॉस्टमधला सेन्सर, हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा) झटक्यांच्या वेळी १५.५ ते १६, म्हणजे लीन, कमी इंधनाचं मिश्रण दाखवतो, म्हणून तिथे इंधन वाढवून पाहिलं. आकडा थोडा खाली आला, झटके मात्र वाढले. आयडल ९०० ला ठेवलंय, तरी ते ७५० आणि ११०० च्या मध्ये झुलत राहतं. आणि वेगात असताना पाय काढून पुन्हा हलकेच दिला की मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसतो.

इंजिन ज्यांनी बांधलं त्यांचं म्हणणं, पोर्ट केलेली रोटरी अशीच चालते, सवय करून घ्या. एक ट्यूनर म्हणतो टर्बो फार मोठा झालाय, लहान घ्या. लहान टर्बोने हे जाईल का?

तापलेला_सायलेन्सर

टर्बो मोठाच आहे भाऊ. निदान टर्बाइन हाउसिंग एक माप लहान घे. ए/आर (हाउसिंगच्या मापाचा आकडा) कमी केला की बूस्ट लवकर येतो, मधला रिकामा पट्टा कमी होतो. माझ्या गाडीत तेच केलं, ३००० च्या आसपास जीव आला.

दोन_रोटर

मंदगती, टर्बोला अजून हात लावू नकोस.

सायलेन्सर म्हणतो ते ३००० ला पाय दाबल्यावरच्या गाडीबद्दल खरं आहे. तुझे झटके मॅनिफोल्डमध्ये पोकळी (वातावरणापेक्षा कमी दाब) असतानाचे आहेत, मॅप, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब, ४०-५० केपीएच्या आसपास असणार. त्या ठिकाणी टर्बो कुठल्याही मापाचा असो, तो कामालाच लागलेला नसतो. हाउसिंग लहान केलंस तर बूस्ट लवकर येईल, पण १८०० ला हलक्या पायावर गाडी तशीच हिंदकळेल. शिवाय लहान हाउसिंगने एक्झॉस्टमधला पाठदाब वाढतो, आणि तुझ्या त्रासात पाठदाबाचा मोठा वाटा आहे.

आधी हे का होतं ते नीट बघू, म्हणजे पुढचं प्रत्येक काम का करायचं ते कळेल. १३बीमध्ये इनटेक बाजूच्या प्लेटांमधून येतो आणि एक्झॉस्ट रोटर हाउसिंगच्या परिघावरून जातो. मूळ १३बी-आरईडब्ल्यूचे पोर्टचे आकडे कागदावर मांड. एक्झॉस्ट बीडीसीच्या (कक्ष सर्वांत मोठा असतो तो क्षण) ७५ अंश आधी उघडतो आणि टीडीसीनंतर (कक्ष सर्वांत लहान असतो तो क्षण) ४८ अंशांवर बंद होतो. रोटरीत एक स्ट्रोक एक्सेन्ट्रिक शाफ्टच्या (रोटरीचा क्रँकशाफ्टच म्हण) २७० अंशांचा. बेरीज कर: ७५, २७० आणि ४८ मिळून ३९३ अंश. पण एका रोटरचे लागोपाठचे दोन कक्ष शाफ्टच्या ३६० अंशांच्या अंतराने येतात. म्हणजे ३३ अंश असे उरतात, जिथे आधीच्या कक्षाचा एक्झॉस्ट अजून बंद झालेला नाही आणि मागच्या कक्षाने त्याच पोर्टात दाबाखालचा जळका वायू सोडायला सुरुवात केलेली आहे. टीडीसीनंतर १५ अंशांपासून ४८ अंशांपर्यंत हे चालतं. आणि याच पट्ट्यात, ३२ अंशांवर, सेकंडरी इनटेक पोर्ट उघडतो. इनटेकमध्ये ४० केपीए, एक्झॉस्टमध्ये वातावरणापेक्षा जास्त दाब, दोन्ही एकाच कक्षाला उघडे. जळका वायू आत शिरतो, आणि वाट मिळेल तितका इनटेक रनरमध्येही घुसतो.

हे कंपनीतून आलेल्या इंजिनाचं झालं. स्ट्रीट पोर्टमध्ये इनटेक आणखी लवकर उघडतो, एक्झॉस्टचा काळही सहसा वाढतो, त्यामुळे तुझा पट्टा याहून रुंद आहे. तुझे पोर्ट कोणत्या साच्याने कापले ते बांधणाऱ्यांकडून लिहून घे. पुढे टायमिंग ठरवताना ते लागेल.

तर हलक्या थ्रॉटलवर कक्षात ताजी हवा थोडी आणि जळका वायू भरपूर. असं मिश्रण पेटवणं अवघड, पेटलं तरी आग सावकाश पसरते, त्यात रोटरीचा कक्ष लांबट, चपटा आणि सरकता. एखादा कक्ष पेटतच नाही. त्याचं न जळलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जातं आणि पुढच्या कक्षात त्यातलं थोडं परत येतं. त्यात ऑक्सिजन आहे, म्हणून तो कक्ष नेहमीपेक्षा जोरात पेटतो. त्याच्या मागचा पुन्हा जळक्या वायूत बुडतो. एक वांझ, एक जोरदार, असं सुरू झालं की ड्राइव्हट्रेन मागे-पुढे पिळली जाते आणि तुला तो झटका वाटतो.

यातच तुझ्या वाइडबँडचं उत्तर आहे. तो सेन्सर इंधन मोजत नाही, एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजतो. कक्ष पेटला नाही की त्यातला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, आणि आकडा दिसतो १६. मिश्रण प्रत्यक्षात १२ चं असलं तरी. मग माणूस इंधन वाढवतो, प्लग आणखी ओले होतात, मिसफायर वाढतात, ऑक्सिजन आणखी दिसतो. तू इंधन वाढवल्यावर झटके वाढले ते यामुळेच. म्हणून झटके चालू असताना वाइडबँडवर विसंबून टेबलातला एकही सेल बदलू नकोस, आणि त्या भागात क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने स्वतः केलेली दुरुस्ती) सुरू असेल तर आधी बंद कर. इंजिन आणि सेन्सर यांच्या मध्ये कुठे एक्झॉस्ट गळत नाही ना, तेही बघ. हलक्या लोडवर दोन स्पंदनांच्या मधल्या खोलगट क्षणी बारीक फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तोच खोटा लीन आकडा दिसतो.

हा त्रास रोटरीच्या जन्मापासूनचा आहे. १९६७ च्या एनएसयू आरओ ८० मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही परिघावर होते, ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, भलामोठा. त्या गाडीला टॉर्क कन्व्हर्टर आणि सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, त्याने खालचे झटके बरेच गिळले जायचे. त्याच वर्षी आलेल्या कॉस्मो स्पोर्टमध्ये माझदाने इनटेक बाजूला नेला, त्याचा मोठा फायदा खालच्या आरपीएमला झाला. आणि २००३ च्या रेनेसिस या माझदाच्याच इंजिनात एक्झॉस्टही बाजूच्या प्लेटांमध्ये नेऊन ओव्हरलॅप जवळजवळ संपवला. म्हणजे मोठमोठ्या अभियंत्यांनी ज्यासाठी आख्ख्या इंजिनाची रचना बदलली, ती गोष्ट तू पोर्टिंग करून थोडी मागे नेली आहेस. त्यात गैर काही नाही, वरच्या ताकदीची ती किंमत आहे. पण "सवय करून घ्या" हे मला पटत नाही. ब्रिज पोर्ट, म्हणजे याहून बराच आक्रमक पोर्ट, असता तर मी मान्य केलं असतं. स्ट्रीट पोर्ट नीट मॅप केला तर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ला शांत चालतो.

आता काम. पहिलं म्हणजे कॉम्प्रेशन, बाकी सगळं त्यानंतर. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन आणि इग्निशन बंद, रोटरीचा टेस्टर लावून प्रत्येक रोटरच्या तिन्ही फेसचे (बाजूंचे) आकडे घे. साधा गेज तिघांतला सर्वांत मोठा आकडा धरून बसतो, त्यात एक मेलेला फेस लपून जातो. आकडे २५० आरपीएमला आणून वाच. ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या खाली कुणी नको, आणि एकाच रोटरच्या फेसमध्ये दीडपेक्षा जास्त फरक नको. एक फेस कमजोर असेल तर मॅपिंगने ते झाकलं जाणार नाही, उगाच वेळ जाईल.

कॉम्प्रेशन चांगलं निघालं तर मला तीन गोष्टी दाखव: १५०० ते ३००० मधलं लीडिंग (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगांपैकी आधी पेटणारा) टायमिंग, त्याच सेलमधला स्प्लिट (लीडिंग आणि नंतर पेटणारा ट्रेलिंग यांतलं अंतर), आणि इंजेक्टरचा डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) टेबल. जमलं तर रहदारीतला एक लॉग, त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचा पल्स दिसला पाहिजे.

क्लचप्लेट

मी मेकॅनिकल बाजूचं बोलतो. हलकं फ्लायव्हील, कडक माउंट, आणि क्लचही बहुतेक स्प्रिंग नसलेल्या डिस्कचा असेल. या तिन्हींनी झटका जन्मत नाही, पण जन्मलेला झटका मोठा करून थेट सीटपर्यंत पोचवतात. कडक माउंट असले की आणखी एक होतं. गाडी हिंदकळली की तुझा पायही पेडलवर हलतो, तो पाय थ्रॉटल हलवतो, आणि झटक्याला दर वेळी नवीन ढकल मिळते. लॉगमध्ये टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर) बघ. झटक्यांच्या लयीतच टीपीएस वर-खाली होत असेल तर त्यातला काही भाग तुझ्या पायातून येतोय. टाचेला आधार देऊन, पाय बाजूच्या पॅनेलला टेकवून चालवून बघ, फरक लगेच कळेल.

दुसरं म्हणजे ती ९० मिमीची थ्रॉटल बॉडी. मूळ थ्रॉटल बॉडीत तीन बोअर असतात, आणि हलक्या पायावर आधी फक्त प्रायमरीचं पान उघडतं. त्याची हवा मधल्या प्लेटमधल्या छोट्या पोर्टांकडे जाते, तिथेच प्रायमरी इंजेक्टर. छोटी वाट, वेगवान हवा, इंधन नीट फुटतं. एकच मोठं पान लावलं की हलक्या पायावरही हवा चारही रनरमध्ये वाटली जाते, वेग मंदावतो, आणि पेडल एक मिलिमीटर हललं तरी हवा बदाबदा आत येते. निदान केबल गुंडाळणारा थ्रॉटलचा कॅम तरी बदल, गोल न ठेवता कमी होत जाणाऱ्या त्रिज्येचा लाव, म्हणजे सुरुवातीला पान सावकाश उघडेल.

मंदगती

दोन_रोटर दादा, क्लचप्लेट, खूप आभार. इतकं मुळापासून कुणी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्रेशन करून घेतलं. पुढच्या रोटरचे तिन्ही फेस आणि मागच्याचे तिन्ही, सगळे ७.५ च्या वर, आपापसात फरक अर्ध्याच्या आत. म्हणजे इंजिन निरोगी आहे.

टेबलं: १५०० ते ३०००, ४० ते ६० केपीए, लीडिंग सगळीकडे १५ अंश. स्प्लिटही सगळीकडे १५, बूस्टमध्येसुद्धा तोच. डेड टाइमच्या टेबलात सगळ्या व्होल्टेजला एकच आकडा भरलेला आहे. लॉगमध्ये एक विचित्र दिसलं. २३०० च्या पुढे, मॅप ५० असतानाच, सेकंडरी इंजेक्टर अधूनमधून चालू-बंद होतायत. आणि टीपीएस खरंच झटक्यांबरोबर हलतोय.

मॅप सेन्सरची नळी एकाच रनरवर आहे. ब्लो-ऑफ वाल्व (पाय काढल्यावर बूस्टची हवा सोडणारा) बाहेर सोडणारा.

दोन_रोटर

कॉम्प्रेशन उत्तम आहे, आता निश्चिंत मनाने टेबलांवर बसता येईल. तुझा सगळा आजार टेबलांमध्ये आहे, आणि ही चांगली बातमी आहे, कारण ते सुधारायला पाना लागत नाही.

सेकंडरीपासून सुरुवात कर. त्या २००० च्या इंजेक्टरना ५० केपीएला काही काम नाही. ते रनरमध्ये वर बसलेले, पोर्टपासून दूर. उघडले की त्यांचं इंधन आधी भिंतीला चिकटतं, इंजिनात उशिरा पोचतं. ईसीयूने मात्र त्याच क्षणी प्रायमरी कमी केलेले असतात, त्यामुळे आधी इंधनाचा खड्डा आणि मग ढेकूळ. चालू-बंद होत राहिले तर दर वेळी हेच. स्टेजिंग (सेकंडरी कधी आणायचे ते) आरपीएमवर ठेवू नको, प्रायमरीच्या ड्यूटीवर (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा) किंवा मॅपवर ठेव. मी प्रायमरी साधारण ६० ते ७० टक्के ड्यूटीला पोचल्यावर सेकंडरी आणतो, एकदम न आणता हळूहळू, आणि बंद होण्याचा उंबरठा चालू होण्याच्या उंबरठ्यापेक्षा खाली ठेवतो, म्हणजे सीमेवर त्यांची फडफड होत नाही. पोकळीत गाडी फक्त प्रायमरीवर चालली पाहिजे.

मग डेड टाइम. आयडलला १००० सीसीच्या इंजेक्टरला प्रत्यक्ष इंधन देणारा काळ जेमतेम एक-दीड मिलिसेकंद मिळतो. उघडायला लागणारा वेळ त्याच्या जवळपास जाणारा. तिथे ०.१ मिलिसेकंदाची चूक म्हणजे सात ते दहा टक्के इंधन इकडे-तिकडे. व्होल्टेज उतरलं की इंजेक्टर उशिरा उघडतो, म्हणून हा आकडा व्होल्टेजप्रमाणे बदलावाच लागतो. इंजेक्टरचा मूळ डेटा मिळव आणि आख्खं टेबल भर, छोट्या पल्सची दुरुस्ती देता येत असेल तर तीही. तपासायची सोपी युक्ती: इंजिन गरम, आयडल स्थिर, मग हेडलाइट, पंखा, ब्लोअर सगळं एकदम लाव. व्होल्टेज पडेल. मिश्रणाचा आकडा जागचा हलला नाही तर टेबल बरोबर. लीनकडे सरकला तर कमी व्होल्टेजचा डेड टाइम अपुरा आहे. तुझं आयडल झुलतं त्यात याचा हात नक्की आहे, कारण आरपीएम पडलं की अल्टरनेटरचं व्होल्टेज पडतं, मिश्रण लीन होतं, आरपीएम आणखी पडतं.

आता इग्निशन. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तूही घालव. जळक्या वायूने भरलेलं मिश्रण सावकाश जळतं, म्हणून त्याला ठिणगी लवकर हवी. २००० ला ४५ केपीएवर १५ अंश म्हणजे आग अर्ध्यात असताना रोटर पुढे निघून गेलेला. तिथे लीडिंग दोन-दोन अंशांनी वाढवत २५ च्या पुढे ने. स्ट्रीट पोर्टला २८ ते ३० पर्यंत जायला मी पोकळीत कचरत नाही. प्रत्येक पायरीला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर एकाच वेगाला धर आणि मॅप बघ. तोच वेग कमी मॅपवर टिकला म्हणजे इंजिन त्याच हवेतून जास्त काम काढतंय. मॅप उतरायचा थांबला की तिथेच थांब.

आणि स्प्लिट. लीडिंग आणि ट्रेलिंगमध्ये १५ अंशांचं अंतर बूस्टमध्ये सुरक्षेसाठी ठेवतात, ते तसंच राहू दे. पोकळीत त्याची गरज नाही. तिथे ट्रेलिंग इतक्या उशिरा पेटतो की त्याचं इंधन कामाला न येता एक्झॉस्टमध्येच जळतं. ६० केपीएच्या खाली स्प्लिट पाचपर्यंत आण. काही इंजिनांना शून्यही चालतो. दोन्ही टोकांकडून आग लागल्यावर कमजोर कक्षही पेटतात, आणि झटके कमी होतात ते मुख्यतः इथे.

पण ही सगळी आगाऊ ठिणगी वरच्या सेलमध्ये झिरपता कामा नये, हे कृपा करून गांभीर्याने घे. ईसीयू दोन सेलच्या मधला आकडा स्वतः काढतो. ६० केपीएला २८ आणि १०० ला १५ लिहिलंस तर ८० ला साडेएकवीस होतात, स्प्लिटही अर्धवट. ७० आणि ८० केपीएच्या ओळी वेगळ्या घाल आणि ९० च्या आत टायमिंग खाली, स्प्लिट बारा-पंधरावर परत आलेला असू दे. रोटरीत डेटोनेशनचा (मिश्रण आपोआप भडकण्याचा) एक जोराचा ठोका अ‍ॅपेक्स सील फोडायला पुरतो, आणि कमी आरपीएमला कक्ष जास्त वेळ दाबाखाली असल्याने ते तिथे चटकन होतं. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये २००० ला पूर्ण पाय दाबून ओढायची सवय असेल तर सोड, आधी गिअर उतरव.

मिश्रण आता, शेवटी. झटके थांबल्यावरच वाइडबँड खरं बोलायला लागेल. आयडलला १३ च्या आसपास ठेव. हलक्या थ्रॉटलच्या पट्ट्यात १३.५ ते १४. त्याहून लीन गेलास तर पोर्ट केलेलं इंजिन पुन्हा हिंदकळेल. लांब रस्त्यावर ३००० च्या पुढे स्थिर चालताना १४.७ ला हरकत नाही, तिथे ओव्हरलॅपला वेळ कमी मिळतो.

प्लग नऊ नंबरचेच राहू देत. मूळ जोडीत लीडिंग सातचा आणि ट्रेलिंग नऊचा असतो, आणि सातचा प्लग हलक्या चालीत स्वच्छ राहतो हे खरं, पण एक बार बूस्टला मला तो लीडिंगमध्ये नको वाटतो. त्याऐवजी लीडिंगला चांगल्या ताकदीचे कॉइल दे आणि ड्वेल (कॉइल भरायला दिलेला वेळ) तपास. इंधन सुधारलं की नऊचेही काळे पडायचे कमी होतील.

मॅपची नळी एकाच रनरवर नको. चारही रनरची टोकं एका छोट्या डब्यात आणून तिथून सेन्सरला दे. नाहीतर ईसीयू दर फेरीला वेगळा दाब वाचतो आणि वेगळं इंधन देतो. ब्लो-ऑफ वाल्वची स्प्रिंग नरम असेल तर पोकळीत तो किंचित उघडा राहतो. त्याची नळी परत टर्बोच्या तोंडाशी जोड.

क्लचप्लेटचं थ्रॉटल कॅमबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. एवढं सगळं झाल्यावर तो बदल कर.

मंदगती

दादा, स्टेजिंग, डेड टाइम आणि टायमिंग केलं. फरक इतका आहे की घरच्यांनीही विचारलं, गाडीचं काय केलंस म्हणून. १८०० ते २८०० जवळजवळ सपाट. तिसऱ्या गिअरमध्ये तोच वेग आता आधीपेक्षा ६-७ केपीए कमी मॅपवर टिकतो. लीडिंग २७ ला थांबलो, त्यापुढे मॅप हलला नाही. टाच टेकवून चालवल्याने उरलेलं हिंदकळणंही कमी झालं. हेडलाइट-पंखा लावून पाहिलं, आकडा जागेवर.

दोन गोष्टी उरल्यात. आयडल अजून ८५० ते १००० मध्ये हलतं. आणि पाय काढून परत देताना धक्का बसतोच, विशेषतः दुसऱ्या गिअरमध्ये १७०० च्या आसपास.

दोन_रोटर

वा, मॅप उतरला हे ऐकून फार बरं वाटलं. तीच खरी खूण.

आयडलसाठी आधी आयडल वाल्वचा क्लोज्ड लूप बंद कर, थ्रॉटलच्या स्क्रूने हवा ठरव आणि आयडल स्थिर ९५० ला आण. ८०० ते १२०० मधल्या सेलमध्ये इंधन आणि टायमिंग सपाट ठेव, शेजारच्या सेलमध्ये मोठी पायरी नको. लीडिंग पाचच्या आसपास, आणि ८५० च्या खाली तीन-चार अंश जास्त, म्हणजे आरपीएम पडायला लागलं की ठिणगीच त्याला उचलून धरेल. ठिणगी पुढच्याच कक्षात काम करते, वाल्वची हवा पोचेपर्यंत बरेच कक्ष निघून जातात, म्हणून वाल्वने झुलणं वाढतं आणि ठिणगीने थांबतं. हे बसल्यावर वाल्वचा लूप परत सुरू कर, पण मंद.

धक्का आहे तो फ्युएल कटचा, म्हणजे पाय काढल्यावर ईसीयू इंधन तोडतो त्याचा. १७०० ला तुझं इंधन परत येत असणार, आणि ते एकदम येतं. पाय काढल्यावर पोर्ट केलेल्या रोटरीत मिश्रणात जळका वायू इतका होतो की ते पेटतच नाही, म्हणून कट हवाच, नाहीतर मागे सायलेन्सरमध्ये फटाके आणि पुढे हुंदके. कट टीपीएस शून्य झाल्यावर आणि थोडं थांबून लागू दे. मॅपच्या आकड्यावर ठेवू नको, कारण तुझ्या पोर्टांमुळे बंद थ्रॉटललाही मॅप मूळ इंजिनाइतका खाली जात नाही. इंधन परत येतं ते १५०० ला ने, आणि परत येताना लीडिंग दहा अंश मागे ओढून अर्ध्या-पाऊण सेकंदात पूर्ववत चढू दे. ताकद हळूहळू येते, ड्राइव्हट्रेनमधली ढील सावकाश भरते.

टिप-इनला, म्हणजे पाय देतानाच्या क्षणी, इंधनाची भर किती आहे तेही सांग. स्टेजिंग आणि डेड टाइम चुकीचे असताना लोक ती भर फार वाढवून ठेवतात. ती निम्मी करून बघ आणि लॉग टाक. कॅम बदलल्यावर ती पुन्हा एकदा कमी करावी लागेल.

क्लचप्लेट

कॅमचा फोटो माझ्याकडे आहे, पाठवतो. त्रिज्या सुरुवातीला मोठी ठेवलीय, म्हणजे पहिल्या पाव पेडलला पान खूप कमी फिरतं आणि पुढे भराभर उघडतं. थांबा-स्क्रूपाशी पान बोअरमध्ये अडकत नाही ना ते बघूनच घट्ट कर, आणि बदलल्यावर टीपीएस परत शून्य करायला विसरू नकोस, नाहीतर दादांनी सांगितलेला फ्युएल कट लागणारच नाही.